माळवदावरची काळी माती

आमचं घर माळवदाचं होतं. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, भिंतींवर लाकडाच्या जाड तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर वीतभर जाडीची पांढरी माती. झालं छप्पर. वरून गच्चीसारखं सपाट. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. एवढं ऐकलं की शहरातल्या माणसांचे डोळे चमकतात. माझे चमकत नाहीत, कारण त्या छपराखाली मी अठ्ठावीस वर्षं काढली आहेत.

आमचं गाव खटाव तालुक्यात, वडूजपासून एसटीनं पाऊण तासावर. नवरा फौजेत. लग्न झालं तेव्हा साधा शिपाई होता, परत आला तो सुभेदार होऊन. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणतं, म्हणून मीही इथे तेच म्हणणार आहे. ते सरहद्दीवर आणि मी माळवदावर, अशी आमची कामाची वाटणी होती. सासू-सासरे होते तोवर त्यांचा हात लागायचा. ते गेल्यावर दोन पोरी, गावची अंगणवाडी आणि हे घर असं सगळं माझ्यावर पडलं. पोरी आता लग्न होऊन सासरी आहेत. अंगणवाडीत मी सेविका आहे. तिथली पोरं घरापेक्षा खूप शहाणी, एकदा सांगितलं की ऐकतात तरी.

माळवद ऐकत नाही. वळवाचा पाऊस यायच्या आधी वर चढायचं, उगवलेलं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, ओढ्यापलीकडून पांढरी माती आणायची, ती भिजवून पसरायची आणि चोपण्यानं चोपायची. चोपणं म्हणजे दांड्याची लाकडी फळी. दोन दिवस ते हाणलं की तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला हात उचलत नाही. एवढं करूनही पावसात कुठेतरी गळायचंच. मग डोक्यावर पोतं घेऊन, घमेल्यात माती घेऊन वर जायचं आणि टाचेनं ते भोक दाबायचं. बाकीचे दिवस वरून बारीक माती पडायची, म्हणून स्वयंपाकघरात तुळयांना खालून जुनी लुगडी बांधलेली. खाली शेणाची जमीन, दर आठवड्याला सारवायची. मला हे घर नको होतं. मला स्लॅबचं नवं घर पाहिजे होतं, ज्यात पाऊस आला तरी मी आपली झोपून राहीन. या सगळ्या लिहिण्यात माझं मागणं एवढंच आहे.

सुभेदार निवृत्त होऊन येणार, आलेला पैसा घराला लावायचा, हे आधीपासून ठरलेलं. मी मनात स्वयंपाकघराच्या खिडकीची जागासुद्धा धरून ठेवली होती. ते आले, आठ दिवस झोपले, नवव्या दिवशी चहा पिता पिता तुळयांकडे बघत म्हणाले, "घर पाडायचं न्हाई. हेच चांगलं नीट करून घिऊ."

माझ्या हातातला कप तिथेच राहिला.

त्यांची बाजू मी प्रामाणिकपणे सांगते, कारण ती खोटी नव्हती. माणूस अठराव्या वर्षी घरातून गेलेला. पुढची सगळी वर्षं बराकीत, तंबूत, पत्र्याच्या खोलीत. ते म्हणाले, बर्फातल्या चौकीवर झोप लागायची नाही तेव्हा ते डोळे मिटून या तुळया मोजायचे. पहिली, दुसरी, तिसरी, असं करत झोप लागायची. हे ऐकून मला गलबलून आलं. पण मी त्याच तुळया उघड्या डोळ्यांनी मोजत होते, कोणती कुठे गळते ते बघत, हेही तितकंच खरं होतं.

शिमग्याच्या सुमाराला माझी नणंद सांगलीहून आली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, तिथे आर्किटेक्ट आहे. सुभेदारांनीच त्याला बोलावलं होतं. भाच्यानं गाडीतून उतरल्या उतरल्या भिंतीवर हात फिरवला, तीन ठिकाणी बोटांनी ठोकून बघितलं, वर चढून फोटो काढले आणि खाली येऊन म्हणाला, "मामी, अशी घरं आता राहिलेली नाहीत. सिमेंटचं घर मुकं असतं. हे घर श्वास घेतं."

"घर श्वास घेतंय आन् धाप मला लागतीय," मी म्हणाले.

तो हसला. नणंद हसली नाही. तिचं माहेर ते. "आत आलं की कसं गार गार वाटतंय बघ," ती म्हणाली.

"वन्सं, तुमी दिवाळीला येता. दिवाळीत समद्यांनाच गार वाटतंय."

सुभेदारांनी घसा खाकरला. फौजेत बहुधा खाकरल्यावर समोरचा गप्प होत असेल. मी झाले नाही. मी म्हणाले, "बरं. घर ठिवायचं ना? ठिवू. फकस्त एक वरीस, या पाडव्यापासनं त्या पाडव्यापातूर, घराचं समदं तुमी बघायचं. माती, सारवण, गळती, समदं. मी हात लावणार न्हाई आन् मधी तोंडबी घालणार न्हाई. वर्षानं तुमी म्हणला ऱ्हाऊ दे, तर ऱ्हाऊ दे. मी परत नाव काढणार न्हाई."

"मंजूर," सुभेदार म्हणाले. ते जवळजवळ खूश झाले होते. भाच्यानं साक्षीदार म्हणून दोघांचे हात हातात घेतले.

पाडव्याला गुढी उतरली आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक कागद लागला. वार, वेळ, काम, सगळं ओळीनं. सोमवारी सारवण, बुधवारी जाळी-जळमटं, शुक्रवारी तुळयांची तपासणी. मी मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय ते. पहिल्या सोमवारी सुभेदारांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शेणात हात घातला. पहिलं सारवण असं झालं की ओसरीवर माणूस अडखळून पडावा. कुठे उंचवटा, कुठे खळगा. गल्लीतल्या बायका काहीतरी मागायचं निमित्त करून येऊन बघून गेल्या. एक म्हणालीच, "आवं सुभेदार, ही लढाईची जागा हाय का वसरी?"

पण माणूस हटला नाही. चौथ्या सोमवारी सारवण असं गुळगुळीत झालं की माझ्या हातचं मला लाजिरवाणं वाटावं. लुगडी सोडून धुऊन परत ताणून बांधली. कोपऱ्यातला उंदीर, जो सासऱ्यांच्या काळापासून कुणाला सापडला नव्हता, त्यांनी आठवड्यात पकडला. मला हसू यायचं आणि धास्तीही वाटायची. कागदाप्रमाणे चाललं असतं तर हा माणूस वर्ष आरामात काढणार होता, आणि माझं घर गेलं होतं.

मग वैशाखात मातीची वेळ आली.

त्या उन्हाळ्यात गावच्या तलावातला गाळ काढायचं काम चाललं होतं. दिवसभर जेसीबी आणि ट्रॅक्टर. आमच्या भागात गाळ म्हणजे सोनं. काळा, मऊ, लोण्यासारखा. माळरानावर टाकला तर तिथे पीक उभं राहतं. जो तो आपल्या शेतात गाळ ओढत होता. सुभेदारांनीही आमच्या शेतात ट्रॉल्या टाकल्या. आणि एका सकाळी एक ट्रॉली शेताकडे न जाता आमच्या दारात येऊन उभी राहिली.

मी अंगणवाडीला निघाले होते. ट्रॉलीतला काळाभोर ढीग बघितला आणि जागच्या जागी थांबले.

माळवदाला पांढरीच माती लागते. ओढ्यापलीकडची, खारी, जिच्यात कुसळसुद्धा उगवत नाही. शेताच्या कामाची नाही म्हणूनच ती छपराच्या कामाची. पाणी तिच्यावरून निघून जातं. काळी माती नेमकी उलटी. पाणी पिऊन फुगते, उन्हात फाटते आणि ओली झाली की दगडासारखी जड होते. शेतकऱ्याच्या पोरानं गावातली सगळ्यात चांगली माती आणली होती, आणि छपरासाठी त्यापेक्षा वाईट माती त्याला शोधून मिळाली नसती. लहानपणी त्यांनी वडिलांना माती पसरताना बघितलं होतं. ती कुठून आणायची हे कळण्याआधीच ते भरती झाले. ट्रॅक्टरवाल्याच्या घराला कधीचा स्लॅब, त्याला काय ठाऊक? आणि ज्यांना कळलं असतं ती म्हातारी माणसं चावडीपुढे बसलेली होती, त्यांना वाटलं ट्रॉली शेतात चाललीय.

"बग कसली झ्याक माती हाय," सुभेदार म्हणाले. मूठभर माती त्यांनी माझ्यापुढे धरली.

मी ती बघितली. मधे तोंड घालायचं नाही असं ठरलं होतं. मी म्हणाले, "मला उशीर झालाय," आणि निघून गेले.

त्या दिवशी अंगणवाडीत मी पोरांना तेच गाणं तीनदा म्हणायला लावलं. मी काय केलं ते मला पक्कं कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी गिळलं, कारण मला जिंकायचं होतं. संध्याकाळी घरी आले तर वर चोपणं चाललेलं. घामानं भिजलेला माणूस वरून हसून म्हणाला, "कुणी म्हणंल का पयल्यांदा केलंय म्हून?" मी चहा टाकला.

वळीव झाला आणि आठ दिवसांत आमचं छप्पर हिरवं झालं. नुसतं गवत नाही. बाजरी, तांदुळजा, कुठे कुठे हुलगा. तलावाच्या गाळात कुणाकुणाच्या रानातलं बी वाहून आलेलं, ते सगळं आमच्या डोक्यावर उगवलं. शेजारणीची शेळी मागच्या चढावरून उडी मारून वर जायला लागली. चावडीपुढची म्हातारी माणसं आता पोट धरून हसत होती. "सुभेदार, पीकविमा उतरवला का न्हाई?" असं रोज कुणीतरी विचारायचं. सुभेदारांनी फोटो काढून सांगलीला पाठवले, तर भाच्याचा आनंदानं फोन. म्हणे परदेशात लोक मुद्दाम छपरावर झाडं लावतात, मामांनी तर घरबसल्या करून दाखवलं. सुभेदारांची छाती दोन बोटं वाढली. मी विळा दाखवून म्हणाले, "कापणी कवा करताय?" तेवढंच. त्यापुढचं पोटातच ठेवलं.

श्रावणात उघडीप पडली आणि माती फाटली. भेगा अशा की त्यात हाताचा पंजा जावा. त्यांनी त्या बुजवल्या, कशानं, तर उरलेल्या गाळानं. आता त्यांच्याही चेहऱ्यावरचं हसू कमी झालं होतं. रात्री अंगाला तेल लावताना एकदा म्हणाले, "बाबा हे समदं कसं करत असतील गं?" मी म्हणाले, "बाबांच्या मागनं मीच करत व्हते की."

घट बसायच्या आधी परतीचा पाऊस आला. आमच्याकडे पाऊस तसा बेतानं येतो, पण त्या वर्षी तीन दिवस धरून राहिला. घरात पातेली, बादल्या, परात, कुकरसुद्धा मांडला. सुभेदार डोक्यावर रेनकोट घेऊन दिवसभर वर-खाली करत होते. गळेल तिथे गाळ, गाळावर गाळ. मला खालून तुळया दिसत होत्या. मधल्या खोलीतली तुळई मी अठ्ठावीस वर्षं ओळखते, ती सरळ होती. आता ती पोटात वाकली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते मधल्या खोलीत खाटेवर आडवे झाले. मी स्वयंपाकघरात होते. वर काहीतरी कट्ट झालं. मग पोत्याला भोक पडल्यावर जशी ज्वारी सांडते तशी माती सांडायला लागली.

"बाहेर या!" मी ओरडले. "आवं, आधी बाहेर या!"

ते उठले आणि, आता यावर काय म्हणावं, बाहेर यायचं सोडून तुळईखालीच उभे राहून वर बघायला लागले. "थांब, बगू दे काय झालंय."

मी आत गेले. त्यांचा दंड धरला आणि ओढला. अंगणवाडीतल्या पोरांना ओढते तसा नाही, बैल ओढतात तसा. आम्ही ओसरीवर आलो, पायरी उतरलो आणि मागे तुळई मोडली. आवाज फार मोठा नव्हता. थप्प असा, ओला. खाट दिसेनाशी झाली. बाजरीची ताटं तेवढी त्या ढिगाऱ्यावर उभी होती, हिरवीगार.

पावसात दोघे चालत अंगणवाडीच्या खोलीत गेलो, किल्ली माझ्याकडेच होती. सुभेदार पोरांच्या इवल्याशा खुर्चीवर बसले, गुडघे छातीला टेकवून. मी सतरंजीवर. मग मी बोलले. आता बोलायचं नाही म्हणून गप्प बसणं मला शक्यच नव्हतं.

"माती काळी हुती म्हून झालं. माळवदाला पांढरी लागती. मला पयल्या दिवसापासनं ठावं हुतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग बोलली का न्हाईस?"

"बोलायचं न्हाई ठरलं हुतं."

"ठरलं हुतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी मेलो असतो की गं."

"व्हय," मी म्हणाले आणि मला रडू कोसळलं. मी माझ्या नवऱ्याला एका घरासाठी मारत होते, असं मला त्या क्षणी वाटलं आणि आजही अधूनमधून वाटतं. ते उठले, खुर्ची त्यांच्याबरोबर उठली, कारण कमरेत अडकली होती. रडता रडता मला हसू आलं. त्यांनाही आलं. पण झालेलं झालं होतं, आणि माझी पैज माझ्याच तोंडानं मोडली होती.

चार दिवसांनी भाचा आला, बरोबर नणंद. त्यानं दोन तास घर बघितलं. या पोराचं एक मला आवडतं, खोटं बोलत नाही. म्हणाला, "भिंती पक्क्या आहेत. एक तुळई गेली आणि एक थोडी फाटलीय. तिथे लोखंडी गर्डर घालू, वर आधी जाड प्लास्टिक, त्यावर पांढरी माती. गळणार नाही. खाली फरशी बसवू. मामी, तुमचं काम निम्म्यानं कमी होईल. घर अजून दोन पिढ्या उभं राहील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नणंदेच्या डोळ्यांत पाणी होतं. सुभेदार जमिनीकडे बघत होते. ते काही म्हणाले असते तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं, पण ते काहीच म्हणत नव्हते.

मला तेव्हा सोपं होतं. घर धोक्याचं झालंय, जीव जाता जाता वाचला, असं म्हटलं असतं तर कुणाची हिंमत नव्हती नाही म्हणायची. पण ते खोटं झालं असतं. घर धोक्याचं नव्हतं. घरानं काहीच वाईट केलं नव्हतं, चूक मातीची होती आणि ती चूक बघून गप्प बसणारी मी होते. एक खरं गिळून मी काय करून बसले होते ते चार पावलांवर पडलेलं होतं. दुसरं गिळायचं मला नको होतं.

मी म्हणाले, "घर चांगलं हाय. नीटबी हुईल. तू म्हणतोस ते समदं खरं हाय. पर मला हे घर नगं. मला नवं घर पायजे. हे पडलं म्हून न्हाई. मला पायजे म्हून पायजे."

एवढं वाक्य बोलायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. कारणं मी खूप सांगितली होती. गळतंय, पाठ दुखतेय, पोरींना धुळीनं खोकला होतोय. प्रत्येक कारणाला काही ना काही उपाय निघायचा आणि मी परत माळवदावर चढायची. नुसतं पाहिजे म्हणून पाहिजे, असं बाईमाणसानं म्हणायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आसं कसं नुसतं पायजे?" नणंद म्हणाली.

सुभेदारांनी आपले दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून बघितले. चोपण्यानं पडलेले घट्टे होते त्यावर. मग ते भाच्याला म्हणाले, "नव्या घराचा नकाशा काढ. हिला इचारून काढ. आन् मला काय इचारू नगंस, मला मातीतलं बी कळत न्हाई."

मी उठून आत गेले आणि सगळ्यांना चहा केला. साखर दुप्पट पडली, पण कुणी तक्रार केली नाही.

भाच्यानं लॅपटॉपवर घर काढून आणलं. देखणं होतं. मला त्यातलं काही कळेना, कारण त्या घरात मुंगीएवढीसुद्धा मी नव्हते. मी म्हणाले, "बाळा, हे मला जिमिनीवर काढून दाव." गवंड्याला बोलावलं, आमच्या रिकाम्या खळ्यावर दोऱ्या ताणल्या आणि चुन्याच्या फक्कीनं पूर्ण घर खऱ्या मापात आखलं. खोल्या, दारं, ओटा, सगळं. मग मी त्यात चालून बघितलं. चुलीपासून पाण्यापर्यंत सहा पावलं होत होती. मी म्हणाले, तीन. भिंत सरकवली. खिडकी रस्त्याच्या बाजूला घेतली, कारण जाणारी-येणारी माणसं मला दिसायला हवीत. गवंडी म्हणाला, "बाई, मी एवढी घरं बांदली, पर फक्कीच्या घरात सैपाक करणारी तुमीच बगितली."

संध्याकाळी गल्लीतल्या बायका घर बघायला आल्या. त्यांनी काय केलं असेल? चपला चुन्याच्या दाराबाहेर काढल्या आणि मगच आत आल्या. बैठकीच्या खोलीत मातीत मांडी घालून बसल्या. एक म्हणाली, हवा चांगली येते. छप्पर नव्हतंच तर येणारच. तेवढ्यात सुभेदार शेतातून आले आणि सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत शिरले.

"आवं, भिंतीतनं काय येताय? दारातनं या!" मी ओरडले.

ते मुकाट्यानं मागे गेले, वळसा घालून दारातून आले. बायका हसून हसून आडव्या झाल्या. इतकी वर्षं या गावात राहून मी पहिल्यांदा कुणाला माझ्या घरात कसं यायचं ते सांगितलं होतं.

जुनं घर पाडलं त्या दिवशी मला रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं. नाही आलं. सुभेदारांना आलं. मी त्यांच्याजवळ उभी राहिले, पण रडण्यात साथ दिली नाही. दगड नव्या घराच्या जोत्याला वापरले. चांगल्या तुळयांची चौकट केली, ती नणंदेच्या आग्रहानं पुढच्या दाराला बसवली. घर पाडायचं ठरल्यापासून तिनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं, ते तेवढ्यापुरतं सुरू केलं आणि मग पुन्हा बंद केलं. आता परत सुरू आहे. भाच्यानं शेवटपर्यंत बजावलं की मामी, स्लॅब तापतो, उन्हाळ्यात त्रास होईल. होतो. भयंकर तापतो. दुपारी पंख्याखाली बसून मी घामानं निथळते आणि हे घर माझं आहे या विचारानं मला इतका आनंद होतो की घाम पुसायचंही सुचत नाही.

पण ते नंतरचं. स्लॅब टाकला त्या दिवशी सकाळपासून मिक्सर धडधडत होता. खालून वर घमेली जात होती, रांग तुटत नव्हती. काम संपल्यावर पंगत बसली, मटण आणि भाकरी, सुभेदार स्वतः वाढायला. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून चौकोनी वाफे केले आणि सांगितलं, यात पाणी भरून ठेवायचं, दिवसरात्र, आटू द्यायचं नाही. पाणी प्यायलं तरच स्लॅब पक्का होतो.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. छपरावर पाणी साठवायचं. मुद्दाम. जन्मभर ज्या पाण्याला वरून हाकललं, त्याला आता पाइप लावून वर चढवायचं.

तीन आठवड्यांनी खालचे टेकू आणि पत्रे काढले. माणसं गेल्यावर मी एकटी मधल्या खोलीत गेले. वर घोट्याएवढं पाणी उभं होतं. मी वर बघितलं. राखाडी, सपाट, कोरडं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले, मान दुखेपर्यंत बघितलं. एक थेंब नाही. मग जिना चढून वर गेले, साडी खोचली आणि अनवाणी त्या पाण्यात उतरले. ऊन डोक्यावर होतं, पाणी वरच्या थराला कोमट आणि तळाला गार. मी या वाफ्यातून त्या वाफ्यात चालत सुटले. खाली विहिरीच्या मोटारीपाशी सुभेदार उभे होते, बटणावर हात ठेवून.

"बास का गं?" त्यांनी खालून विचारलं. "लय झालं न्हवं?"

"बास न्हाई," मी वरून ओरडले. "आजून सोडा!"